ग्रंथालयाचा आनंद हाही आपला हक्क आहे

आपल्या गावात किंवा आपल्या वस्तीपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर बहुधा एक सार्वजनिक ग्रंथालय असेल. त्याची इमारत जुनी असेल, पाटीचा रंग उडाला असेल, ते सकाळ-सायंकाळ मिळून काही तासच उघडत असेल. आपण त्याच्या दारावरून रोज जाता. त्या दारातून आत आपण शेवटचे केव्हा गेला होता? आपला मुलगा स्पर्धा-परीक्षेच्या अभ्यासाकरिता तेथे जाऊन बसतो, हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. आपण स्वतः, आपली पत्नी, आपली वृद्ध माता, आपली शाळेत जाणारी मुलगी, यांपैकी कोणी केवळ वाचावेसे वाटले म्हणून त्या ग्रंथालयात पाऊल ठेवले आहे काय?

हा प्रश्न घराघरांतून विचारला जाणे अगत्याचे आहे. शिक्षणाच्या बाबतीत आपल्या समाजाने जी मजल मारली ती कोणासही नाकारता येणार नाही. परंतु ग्रंथांशी जडलेला आपला संबंध पुष्कळदा परीक्षेच्या निकालाबरोबरच संपतो, हेही तितकेच खरे आहे. पदवी मिळाली, नोकरी लागली, की पुस्तके रद्दीत जातात. पुस्तकापासून मिळणारी भाकरी आपण हक्काने घेतली. पुस्तकापासून मिळणारा आनंद मात्र अद्यापि घ्यावयाचा राहिला आहे. तो कसा घ्यावा आणि त्यासाठी ग्रंथालयाची वाट पुन्हा का धरावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हे दार कोणासाठी होते?

महाराष्ट्रातील ग्रंथालये फार जुनी आहेत. रत्नागिरीचे १८२८ मध्ये, नाशिकचे १८४० मध्ये, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये, तर कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये सुरू झाले. यांतील पुण्याच्या ग्रंथालयाचे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच १८४८ साली, त्याच पुणे शहरात महात्मा जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. ज्या शहरात शिकलेल्या मंडळींची ग्रंथांची सोय होत होती, त्याच शहरात स्त्रियांना आणि अस्पृश्यांना अद्यापि मुळाक्षरे मिळावयाची होती. त्या काळच्या 'लोक' या शब्दात आपले पूर्वज धरले जात नव्हते, हे सिद्ध करण्यासाठी कोणतेही दप्तर उघडण्याची आवश्यकता नाही.

या शब्दाचा अर्थ हळूहळू आणि झगड्याने बदलला. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाळा सोडलेल्या मुलास पुढे वाचावयास काहीच मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरेही तो विसरतो, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले. राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय, खेड्यांतून लहान ग्रंथालये आणि जेथे तीही नव्हती तेथे पेट्यांतून जाणारी फिरती ग्रंथालये, अशी योजना बडोद्यात उभी राहिली. याच महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले, हे आपणांस ठाऊक आहेच.

पुढे १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर ग्रंथालये काढणे हेही होते. ज्या समाजाला दोन वेळच्या अन्नाची भ्रांत होती, त्याच्यासाठी संस्था काढताना बाबासाहेबांना ग्रंथालय ही चैनीची वस्तू वाटली नाही, याची नोंद आपण घेतली पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे झाले. आणि १९५० साली अंमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने, शासनाच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागांचा वापर करण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकास अडविता येणार नाही, असे निश्चित करून टाकले.

पैसा कोणाचा, घर कोणाचे?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. आपल्या राज्यात बहुतेक ग्रंथालये नोंदणीकृत संस्था चालवितात. शासन त्यांना मान्यता देते, 'अ', 'ब', 'क' आणि 'ड' असे वर्ग ठरविते आणि त्या त्या वर्गाप्रमाणे अनुदान देते. तमिळनाडू व कर्नाटक या राज्यांप्रमाणे येथे ग्रंथालयांसाठी निराळा उपकर बसविलेला नाही. अनुदान राज्याच्या तिजोरीतूनच जाते. आता ही तिजोरी कोणाच्या पैशाने भरते? साबणाची वडी घेणाऱ्या मोलकरणीच्या, मोटारसायकलीत पेट्रोल भरणाऱ्या कामगाराच्या आणि पगारातून कर कापून घेणाऱ्या कारकुनाच्या पैशाने ती भरते. तेव्हा त्या ग्रंथालयात आपण पाहुणे म्हणून जात नसतो. तेथे भीत भीत, कोपऱ्यातील बाकावर अंग चोरून बसण्याचे काहीएक कारण नाही.

तथापि हक्क कायद्यात लिहिला गेला म्हणजे तो अंगवळणी पडला असे होत नाही. वापरात नसलेली पायवाट दोन पावसाळ्यांत गवताखाली जाते. ज्या ग्रंथालयास वाचक नाही त्याच्या कपाटांना कुलपे लागतात, तास कमी होतात, नवी खरेदी मंदावते आणि एके दिवशी ते केवळ कागदोपत्री उरते. दार उघडे असूनही आपण आत गेलो नाही आणि त्यामुळे ते दार बंद झाले, तर त्याचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा?

परीक्षेपलीकडील वाचन

ग्रंथालय म्हणजे अभ्यासिका, अशी एक समजूत अलीकडे रूढ झाली आहे. तरुण मुले सकाळी येतात, आपली स्वतःची मार्गदर्शके उघडतात, दिवसभर मान खाली घालून बसतात आणि रात्री निघून जातात. शेजारच्या कपाटातील एकाही ग्रंथास त्यांचा हात लागत नाही. त्यांच्या कष्टांविषयी आम्हांस आदरच आहे. गरीब घरातील मुलास बसावयास शांत जागा मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु परीक्षेच्या भयानेच ज्याने पुस्तक हाती धरले, तो परीक्षा संपताच ते टाकून देणार, हे उघड आहे. आणि ज्या घरात आईबाप स्वतः कधी वाचताना दिसत नाहीत, त्या घरातील मूल वाचनास शिक्षा समजू लागले, तर त्याचा काय दोष?

या बाबतीत बाबासाहेबांच्याच चरित्राकडे पाहा. परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यासास जागा नव्हती. शाळा सुटल्यावर विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांची दृष्टी त्यांच्यावर गेली आणि ते त्यांना वाचावयास पुस्तके देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराची सभा भरली. अध्यक्षस्थानी होते तेच बोले, ज्यांचा ठराव पुढे सोळा वर्षांनी कौन्सिलात संमत झाला. त्या प्रसंगी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. ते पुस्तक कोणत्याही परीक्षेस नेमलेले नव्हते, त्यावर कोणी गुण देणार नव्हते. एका मुलाने ते आवडीने वाचले आणि ते त्याच्या मनात घर करून राहिले. त्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी नागपुरास काय घडले, हे आपणांस सांगावयास नकोच. अभ्यासक्रमाबाहेरील एक पुस्तक योग्य वेळी योग्य हाती पडल्यास काय होऊ शकते, याचा याहून मोठा दाखला आम्हांस माहीत नाही. प्रत्येक घरी केळुसकर गुरुजी येऊ शकत नाहीत. पण प्रत्येक गावी ग्रंथालय असू शकते, आणि गुरुजींचे ते काम त्याने करावयाचे असते.

कपाटांच्या रांगांतून फिरताना

आता तो आनंद कोणता, ते पाहू. एखाद्या सायंकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी जाऊन बसा. घरी एखादे वर्तमानपत्र येत असेल. येथे चार-पाच मांडलेली असतात. एकच बातमी चार पत्रांनी चार प्रकारे दिली आहे, हे आपल्या ध्यानात येईल. कोणी काय मोठ्या अक्षरांत छापले आणि कोणी काय गाळले, हे ताडून पाहण्यात एक प्रकारची बौद्धिक मौज आहे, आणि ज्यास ती मौज कळली त्यास फसविणे कठीण होते.

मग आत कपाटांकडे जा. ज्या ग्रंथालयांत मुक्तद्वार पद्धती आहे, तेथे वाचकास स्वतः कपाटांपुढे उभे राहून पुस्तके हाताळता येतात. अशा ग्रंथालयांत पुस्तकांच्या पाठीवर पुष्कळदा क्रमांक लिहिलेले असतात. मेल्व्हिल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये ही दशांश वर्गीकरणाची पद्धती प्रसिद्ध केली. तीत बौद्ध धम्मावरील पुस्तके २९४.३ या क्रमांकाखाली येतात, पक्ष्यांवरील ५९८ खाली, शेतीवरील ६३० खाली आणि मराठी साहित्य ८९१.४६ खाली. एकदा ही किल्ली हाती आली की सारे दालन आपले होते. विशेष असे की एका विषयाची पुस्तके शेजारी शेजारी येत असल्यामुळे, जे शोधावयास गेलो त्याच्या बाजूस न शोधलेले काहीतरी सापडते. ही जी अवचित भेट, तीत ग्रंथालयाचे खरे सुख आहे.

आपल्या मुलीस अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी काढून द्या. बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आणि दया पवार यांचे 'बलुतं' ही पुस्तके आपण स्वतः पुन्हा वाचा. शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड ग्रंथालयात आहेत काय, हे विचारा. पण तेवढ्यावर थांबू नका. आपण केवळ आपल्या दुःखाचीच पुस्तके वाचावीत, असा नियम कोणी केलेला नाही. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'तील झाडे आणि पालवी आपलीही आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आपणही हिंडून पाहावी. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांतील आकाश आपल्या पोरांच्या डोक्यावरही आहे, आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबरोबर सायकलवरून धावण्याचा अधिकार आपल्या वस्तीतील मुलासही आहे. पूर्वास्पृश्याने फक्त पूर्वास्पृश्यांविषयीच वाचावे, असे मानणे म्हणजे गावकुसाबाहेरची वेस मनात पुन्हा आखून घेणे होय.

दिवाळीनंतर तर ग्रंथालयात जावेच. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत ही परंपरा चालत आली आहे. एवढे अंक विकत घेणे सामान्य कुटुंबास परवडण्याजोगे नाही. अनेक ग्रंथालये अल्प वर्गणीत ते आळीपाळीने वाचावयास देतात. एक अंक घरी आणला की तो आजोबांपासून नातीपर्यंत सर्वांच्या हातून फिरतो, आणि घरात बोलावयास नवे विषय येतात.

काही आक्षेप

यावर काही बंधू म्हणतील, आम्हांस एवढी सवड कोठे आहे? पोटाची चिंता मिटल्यावर आनंदाचा विचार करू. आम्ही त्यांस विचारतो, गुलामापासून प्रथम काय हिरावून घेतले जाते? त्याची फुरसत हिरावून घेतली जाते. त्याने काम करावे, कामापुरते शिकावे आणि कामापुरतेच जाणावे, हीच धन्याची इच्छा असते. मुक्त माणूस तो, जो आठवड्यातील एक तास स्वतःच्या मनासाठी राखून ठेवू शकतो. तो तास आपण मागितला नाही, तर कोणी आणून देणार नाही.

दुसरे म्हणतील, हल्ली सारे काही मोबाईलवर मिळते. पुष्कळ मिळते, हे मान्य. पण मोबाईल आपणांस आपल्या आवडीचेच पुनःपुन्हा दाखवितो. कपाट नावडीचेही पुढे करते. दोन खोल्यांच्या घरात जेथे दूरदर्शन संच, पाहुणे आणि स्वयंपाक यांचा एकच गलबला असतो, तेथे शांतता मोबाईलवर मिळत नाही. ती विकत घेण्याची ऐपत सर्वांना नसते. सार्वजनिक ग्रंथालय ती शांतता श्रीमंतास व गरिबास एकाच बाकावर बसवून देते.

तिसरे म्हणतील, आमच्या विहारात आम्ही पुस्तकांचे कपाट ठेवले आहे, मग दुसऱ्यांच्या ग्रंथालयात कशाला जावे? विहारातील कपाट अवश्य असावे, ते वाढावे. परंतु महाडला आपले लोक केवळ तहान लागली म्हणून गेले नव्हते. सर्वांचे जे आहे त्यावर आपलाही सारखाच अधिकार आहे, हे प्रस्थापित करण्यासाठी ते गेले. स्वतःची विहीर खणल्यावर तळ्यावरील हक्क सोडून द्यावयाचा नसतो. शिवाय 'दुसऱ्यांचे ग्रंथालय' हा शब्दच चुकीचा आहे, हे वर सांगितलेच आहे.

आपण काय करावे?

प्रथम, या महिन्यात घरातील किमान दोन माणसांनी सभासद व्हावे, आणि त्यांतील एक स्त्री असावी. वर्तमानपत्रे वाचावयास मान्यताप्राप्त ग्रंथालयात काही द्यावे लागत नाही. पुस्तक घरी नेण्यासाठी थोडी अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी असते. एका सिनेमाच्या तिकिटाशी ती ताडून पाहा.

दुसरे, मुलांना बरोबर न्या आणि पुस्तक त्यांचे त्यांनाच निवडू द्या. मुलाने चित्रांचे पुस्तक उचलले तर त्याच्या हातून ते काढून सामान्यज्ञानाचे देऊ नका. ज्याने स्वतः निवडले तोच उद्या पुन्हा येतो.

तिसरे, ग्रंथपालांशी ओळख करून घ्या. अल्प वेतनावर हे लोक वर्षानुवर्षे पुस्तके राखीत असतात आणि कोणते पुस्तक कोणत्या वाचकास आवडेल हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाविना पुस्तक आणि पुस्तकाविना वाचक राहू नये, हा त्यांतील दोहोंचा सारांश आहे. हवे ते पुस्तक नसेल तर सूचना-वहीत त्याचे व लेखकाचे नाव स्वच्छ अक्षरात लिहा. दहा वाचकांनी एकच पुस्तक मागितले, तर पुढील खरेदीत ते येण्याचा संभव पुष्कळ वाढतो.

चौथे, आणि हे विशेष महत्त्वाचे, ग्रंथालयाच्या सर्वसाधारण सभेस जा. ग्रंथालय चालविणारी संस्था नोंदलेली असते. तिला घटना असते, कार्यकारी मंडळ असते. तेथे मतदानाचा अधिकार कोणत्या सभासदास मिळतो हे विचारून घ्या आणि तो मिळवा. कोणती पुस्तके घ्यावयाची, दार किती वाजता उघडावयाचे, स्त्रियांसाठी व बालकांसाठी निराळी जागा असावी की नाही, हे जेथे ठरते तेथे आपला माणूस बसला पाहिजे. बाहेर उभे राहून तक्रार करण्यापेक्षा आत बसून ठराव मांडणे अधिक फलदायी असते.

बंधुभगिनींनो, आपल्या आजोबांनी पाण्यासाठी जी पायरी उतरली ती उतरण्यास छातीचा कोट करावा लागला. ग्रंथालयाची पायरी चढण्यास आज तेवढे धैर्य लागत नाही; एक मोकळी सायंकाळ लागते. ती या आठवड्यात काढा. घरी परत येताना कोणाच्याही परीक्षेस उपयोगी न पडणारे एक पुस्तक घेऊन या, आणि रात्री जेवणानंतर त्याची चार पाने मोठ्याने वाचा. घर ऐकत बसेल.